मामाच्या गाडीची सीट

मी भुताच्या गोष्टींच्या या ग्रुपवर हसायला येतो, हे आधीच सांगून टाकतो. लिफ्ट मागणारी बाई, उलटे पाय, मागच्या सीटवर आपोआप उमटलेला ओला ठसा... ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत डबा खाताना हे सगळं वाचतो आणि मित्रांना पाठवतो. माझा या गोष्टींवर विश्वास नव्हता. आजही आहे असं मी म्हणणार नाही. विश्वास ठेवायचा तर ज्याच्यावर ठेवायचा त्याच्याशी आधी भांडावं लागेल, आणि तो आता हाती लागत नाही.

तर घाबरून लिहीत नाहीये. चिडून लिहितोय. दोन उन्हाळे गेले, राग उतरत नाही.

मी नागपूरचा, महाल भागात राहतो, रामदासपेठेत एका ऑफिसात नोकरी करतो. माझ्याकडे एक पांढरी चारचाकी आहे. पांढरी म्हणजे एकेकाळी पांढरी होती. कंपनीचं नाव देत नाही, कंपनीचा काही दोष नाही. कार्ब्युरेटरच्या जमान्यातली, चोक ओढून चालू करायची, काचा हातानं फिरवून खाली घ्यायच्या. ही गाडी माझ्या सख्ख्या मामाची. मामा कुहीच्या पुढे एका खेड्यात धानाची शेती करायचा. त्यानं नवी गाडी घेतली तेव्हा ही घराच्या बाजूला उभी होती आणि तिच्या बोनेटवर कोंबड्या बसत होत्या. मला नुकतीच नोकरी लागली होती, नवी गाडी घेण्याची ऐपत नव्हती, आणि गाडीची हौस मात्र दांडगी. मामा म्हणाला, "ने. पण तुया मायजवळ माझं नाव काढजो नको."

नाव काढायची गरजच नव्हती. आमच्या गल्लीत गाडी शिरली तशी आईनं ओळखली. तशीच आत वळली आणि त्या गाडीत कधी बसली नाही.

कारण सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे लग्नात नवरीला मंडपात मामा घेऊन येतो. हा मामाचा मान. माझ्या ताईच्या लग्नात मामा वेळेवर पोचला नाही, कारण हीच गाडी रस्त्यात बंद पडली. गुरुजी घड्याळ बघत होते, मुलाकडचे लोक आमच्याकडे बघत होते, शेवटी काकांनी ताईला आणलं. मंगलाष्टका संपता संपता मामा आला, शर्टाला ग्रीस, घामानं निथळलेला. आणि मान दुसऱ्यानं घेतला म्हणून तोच रुसला! आईचं डोकं फिरलं. भर मंडपात म्हणाली, "एवढा जीव हाय तं त्या खटाऱ्याशीच नातं ठेव. बहीण मेली समज." मामा म्हणाला, "ठीक हाय." गाडीत बसला, आणि तेव्हा ती हरामखोर गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली.

त्यानंतर दोघं बोलले नाहीत. भाऊबीज आली की आई सकाळपासून भांडी आपटायची. राखीच्या दिवशी तिला हमखास डोकेदुखी. मी मध्ये पडून पाहिलं, ताईनं पाहिलं, बाबांनी पाहिलं. दोघं एकाच मातीचे, हटत नव्हते.

आता गाडीबद्दल. ज्यांनी विशी-पंचविशीत जुनी गाडी सांभाळली आहे त्यांना कळेल. त्या गाडीनं मला जेवढा आनंद दिला तेवढा नोकरीनं दिलेला नाही. सकाळी मित्रांना कोंबून तर्री-पोहे खायला जायचं, काचा खाली, इंजिनाचा आवाज एवढा की गाणी लावायची गरज नाही. सिग्नलला एखादे काका थांबून म्हणायचे, "अरे, आमच्याकडे होती ही!" आणि हिरवा लागला तरी बोलत राहायचे. पावती न फाडता मिळालेलं सुख.

आणि मनस्ताप? उन्हाळ्यात नागपूरचं ऊन असं तापतं की टाकीतून इंजिनाकडे जाणारं पेट्रोल नळीतच उकळतं, त्याची वाफ होते, आणि गाडी खोकत खोकत मरते. मग बोनेट उघडून त्या छोट्या पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि हात जोडून वाट बघायची. माझ्या डिकीत स्टेपनीपेक्षा जास्त पाण्याच्या बाटल्या असायच्या. साहेबांच्या समोर, इस्त्रीच्या शर्टात, रामदासपेठेत मी गाडी ढकललेली आहे. मित्रांनी माझं नाव 'धक्का' ठेवलं होतं.

सीटचा वेगळाच तमाशा. मामा ताडमाड उंच, मी आईवर गेलेलो, बुटका. गाडी आणली तेव्हा मेकॅनिकनं आणि त्याच्या भावानं दोन बाजूंनी धरून, हातोडी मारून ड्रायव्हरची सीट पुढे सरकवून दिली. नंतर खालची पट्टी गंजून ती तिथेच जाम झाली. मेकॅनिक म्हणाला, "आता हे हालत नाही भाऊ. हालवायची असन तं कापा लागते." मला पुढेच हवी होती, मी म्हटलं राहू दे.

आता तो दिवस.

मे महिना. बाबा पुण्याला ताईकडे गेले होते. आई सकाळपासून गच्चीवर वड्या घालत होती. मामाचा मुलगा प्रशांत, त्याचा मला फोन आला. "पप्पाची तब्येत जास्त हाय. आत्याले घेऊन ये." एवढंच. मागे कोणाचे तरी आवाज येत होते, त्यानं फोन ठेवला.

मी वर जाऊन सांगितलं. आईच्या दोन्ही हातांना वड्यांचं पीठ. ती पिठाच्या हातानंच उठली. मग म्हणाली, "चाल."

"थांब, कॅब बघतो."

"काही पाहू नको. त्याच्याच गाडीनं जाऊ."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा आई त्या गाडीत बसली. उमरेड रोडला लागलो. पदरात एक कांदा बांधलेला, ऊन लागू नये म्हणून, आणि हाताला सुकलेलं पीठ. मला एकच दिसत होतं... हिला तिथे वेळेत पोचवायचं. काय बोलायचं ते बोलू दे दोघांना, भांडायचं तर भांडू दे, पण तो जिवंत असताना.

कुहीच्या रस्त्याला वळलो आणि थोडं पुढे जाऊन गाडी खोकली. मी पाय दाबला. पुन्हा खोकली. आणि चढावर, जिथे दोन्हीकडे धानाच्या शेतांच्या कोरड्या बांध्या आणि डोक्यावर सूर्य, तिथे मेली.

बोनेट उघडलं. फडकं, पाणी, फडकं, पाणी. बाटल्या संपल्या. इतका स्टार्टर मारला की बॅटरी आधी कण्हली आणि मग तिचा आवाजच बंद झाला. चढाच्या वर, बऱ्याच अंतरावर, एक मोठं कडुनिंबाचं झाड होतं. निदान सावलीत न्यावी म्हणून ढकलून पाहिली, पण चढावर एकट्यानं काय ढकलणार? ती इंचभर वर जायची आणि माझ्याच अंगावर मागे यायची. शेवटी चाकामागे दगड लावला.

मग माझा तोल गेला. टायरला लाथ घातली आणि मोठ्यानं ओरडलो, "मामाजी, लग्नातही हेच केलं तुम्ही! आता तरी सोडा ना आम्हाला!"

आई आतून म्हणाली, "त्याले काहून बोलतं? तो बिमार हाय."

एक दूधवाला रिकामे कॅन घेऊन मोटरसायकलवर येत होता. आईला त्याच्यामागे बसवावं, पुढे जाऊ द्यावं, असं डोक्यात आलं. पण दोन्हीकडे लटकलेले कॅन, आणि आईचे गुडघे. ती म्हणाली, "मी इथंच बसतो. तू जा, कोणाले तरी घेऊन ये." गाडीची चावी मी सवयीनं खिशात टाकली आणि त्याच्यामागे बसलो. फाट्यावरचं गॅरेज बंद. पाटीवरचा नंबर लावला, प्रशांतचाही लावला, कोणी उचलला नाही. टपरीवरून पाणी घेतलं, एक दोर मिळवला, आणि त्याच दूधवाल्याला हातापाया पडून परत आणलं.

गाडी जागेवर नव्हती.

चाकाला लावलेला दगड तिथेच पडलेला. गाडी नाही, आई नाही. दूधवाला म्हणाला, "भाऊ, गाडी तं तुमी इथं सोडली होती ना?" आणि मग त्यानंच वर बोट दाखवलं.

गाडी कडुनिंबाखाली उभी होती. चढाच्या वर. इंजिन चालू.

मी धावत गेलो. आई तिच्याच सीटवर, काच खाली, पदरानं वारा घेत बसलेली. आणि चेहरा... माझ्या आईचा असा खुललेला चेहरा मी ताईच्या लग्नाच्या आदल्या दिवशी पाहिला होता. त्यानंतर नाही.

"किती वेळ लावला रे," तीच मला म्हणाली. "भाऊ येऊन गेला."

"कोण भाऊ?"

"तुया मामा! गाडी चालू करून देली, सावलीत लावून देली. म्हणे पोट्ट्याले सांगजो, एवढा चोक ओढू नको."

"मामाजी? ते तर आजारी आहेत ना?"

"बिमार कुठचा, धडधाकट हाय. मीबी हेच म्हटलं. हासला नुसता."

"मग आहेत कुठे?"

तिनं बांध्यांकडे हात केला. "गेला पायीच. इकडून जवळ पडते म्हणे. तुमी या म्हणे मागून."

बांध्यांमध्ये कोणी नव्हतं. लांबवर ऊन हलत होतं, बस. दूधवाला गाडीकडे बघत होता, आईकडे बघत होता, मग म्हणाला, "निघतो मी," आणि निघून गेला.

मी दार उघडून बसलो आणि माझा पाय क्लचला पोचेना. सीट पार मागे गेलेली. जी दोन माणसांनी हातोडी मारून सरकवली होती, जी कापल्याशिवाय हलणार नव्हती, ती शेवटच्या खाचेत. मी खाली हात घालून खेचली, लाथ मारली. हलली नाही.

"त्याचे पाय लांब हायत ना," आई म्हणाली.

तुम्ही म्हणाल, तिथेच माझ्या अंगावर काटा यायला हवा होता. नाही आला. मला राग आला. मला वाटलं, कळलं सगळं! मामा ठणठणीत आहे. भांडण मिटवायला बाप-लेकांनी मिळून 'तब्येत जास्त'चं नाटक रचलं, आम्ही उशीर करतोय म्हणून मामा शोधत आला, गाडी त्याचीच, त्याला तिच्या खोडी माहीत, केली कशीबशी चालू. चावी नव्हती? जुन्या गाडीचं काय, स्क्रूड्रायव्हरनंही फिरते. मनातल्या मनात त्या दोघांना शिव्या दिल्या, आणि खरं सांगू? बरंही वाटलं. आणलेला दोर गुंडाळून पाठीमागे कोंबून, सीटच्या काठावर बूड टेकवून मी गाडी हाणली. आई रस्ताभर बोलत होती. लहानपणी दोघं मोहाच्या झाडाखाली पहाटे फुलं वेचायला जायचे, मामा आपल्या टोपलीतली तिच्या टोपलीत टाकायचा, ते सांगत होती. मी तिला अडवलं नाही.

अडवायला हवं होतं का? मला कुठे ठाऊक होतं?

घरासमोर माणसं बसलेली होती. मला वळणावरूनच बांबू दिसले. आईला दिसले नाहीत, ती दार उघडून उतरली, पदर सावरत, हसत, आणि ओसरीकडे बघून मोठ्यानं म्हणाली, "कुठी गेला गा भाऊ? आमच्या आधी पोचला का?"

अंगणातली माणसं वळून बघू लागली.

मामी आतून आली. कपाळ पुसलेलं. ती थेट आईसमोर आली. मग म्हणाली, "हासून राहिली का वं बाई? पहाटेपासून ठेवलं तुमच्यासाठी. आन् तुमी हासत येता?"

"वहिनी, आत्ता तं आला होता तो..."

"रातभर दाराकडे पाहून राहिले होते ते! तवा नाही आल्या. आता हासत आल्या!"

मामा पहाटेच गेला होता. आम्हाला फोन यायच्या आधी.

मामाच्या तोंडात शेवटचं पाणी घालायची वेळ आली तेव्हा आई पुढे झाली. मामीनं तिचा हात धरला. म्हणाली, "जिता होता तवा पाणी इचारलं नाही. आता नको." कोणी मध्ये पडलं नाही. आई मागे झाली आणि भिंतीला टेकून उभी राहिली, सगळं उरकेपर्यंत. तिच्या हाताला अजून वड्यांचं पीठ होतं.

मी प्रशांतला गोठ्याच्या मागे गाठलं. कॉलर धरली त्याची, हो, बाप गेलेल्या पोराची कॉलर धरली. "फोनवर खरं का नाही सांगितलं?"

तो रडतच म्हणाला, "सांगतेत का गा फोनवर? रस्त्यात आत्याले काही झालं असतं तं? तू नसता सांगितलं का असंच?"

मी असंच सांगितलं असतं. आमच्याकडे सगळे असंच सांगतात. गेलेला माणूस फोनवर नेहमी 'सिरियस'च असतो. आणि ऐकणाराही समजून घेतो. मी समजलो नाही, आणि आई समजली होती. नंतर ती म्हणाली, "फोन आला तवाच मले कळलं होतं. मंग तो सामने येऊन उभा राहिला. मले वाटलं, मीच खोटी. मले किती बरं वाटलं तुले काय सांगू."

आता सांगा, कोणावर चिडू?

गावात आजही बोलतात, सख्खी बहीण मयतीला हसत आली. तेरवीला आई गेली तर मामीनं तोंड फिरवलं. दुसरीकडे नातेवाइकांचा एक गट आहे ज्यांना यात चमत्कार दिसतो. एक काका हार घेऊन आले, गाडीला घालायला. बहिणीसाठी भाऊ आला, केवढं प्रेम, म्हणे! मी हार त्यांच्या हातातून घेतला आणि बाहेर गाईला टाकला. प्रेम होतं तर तिला सांगायचं ना, की मी गेलो आहे, तयारीनं जा. तिला हसवून पाठवलं कशाला त्या अंगणात? तिच्या तोंडाला काळं फासायला? हे मी मामाला विचारतोय. जोरात विचारतोय, पण विचारणार कुठे?

मी शोधलं सगळं, अगदी तुमच्यातले अतिशहाणे शोधतील तसंच. इंजिन थंड झालं, वाफ उतरली, ठीक आहे. पण बॅटरी मेली होती. कोणी वाटसरूनं ढकलली असेल, पण चढावर एकट्यानं? चार-पाच जण असतील तर आईला एकच का दिसला? दूधवाल्याला शोधून विचारलं, त्याला वाटेत कोणी भेटलं नव्हतं. आईला ऊन लागलं असेल, भास झाला असेल... भासानं गाडी हलते का? मेकॅनिकनं सीटला पुन्हा हातोडी मारली, दांडा तुटला. पट्टीवरचा गंज जसाच्या तसा होता, घासल्याची खूण नाही. तो म्हणाला, "ही तं कधी पुढे नव्हतीच, असं वाटते." ज्यानं स्वतः पुढे सरकवली होती, तो हे म्हणाला. मी आजही पाठीमागे उशी घेऊन गाडी चालवतो. विकत नाही. का नाही विकत, ते विचारू नका.

कोणाला स्पष्टीकरण सुचलं तर लिहा. फक्त 'मामाची माया' असं लिहू नका, मी ब्लॉक करीन.

एक राहिलं. त्या कडुनिंबाखाली तो तिच्याशी काय बोलला, हे आई सांगत नव्हती. मी विचारायचो, ती उठून जायची. मला वाटायचं, माफी मागितली असेल. किंवा हिनं. लग्नाचं काहीतरी मिटलं असेल. परवा जेवता जेवता पुन्हा विचारलं, जरा ओरडूनच विचारलं.

ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "जेवली का वं, म्हणे."

"मग?"

"मंग काय? हो म्हटलं."

त्या दिवशी ती सकाळपासून चहावर होती. मी म्हटलं, "जेवली कुठे होतीस तू?"

"नव्हतो. पण त्याले कायले सांगू?"

"आणि पुढे? आणखी काय बोलले?"

"बस. एवढंच."

मी ताट सरकवून उठलो. जेवली का. हो. एवढ्यासाठी? हे दोघांना जिवंतपणी कधीही विचारता आलं असतं. कुही आमच्यापासून तासाभरावर आहे. फोन दोघांकडेही होते.